अर्ध्या अंशाची चूक

खंडेनवमी झाली की पुढचे चार-पाच दिवस आमच्या वर्कशॉपला एकाच तक्रारीच्या गाड्या यायच्या. "मिस्तरी, पडद्यावर पिवळं काहीतरी लागलंय. रडार बंद म्हणतंय." मी बॉनेट उघडायचोच नाही. ओला फडका घेऊन समोर जायचो, कंपनीच्या चिन्हावर थापलेला हळदीकुंकवाचा लेप पुसायचो आणि जाळीला बांधलेला चमकीचा हार सोडायचो. पडद्यावरचा इशारा गेला की गिऱ्हाईक माझ्याकडं बघायचं. कुंकू पुसलं म्हणून काहींना वाईट वाटायचं. त्यांना मी बॉनेटवरची जागा दाखवायचो. "पूजा इथं करा. देवालाबी चालतंय आन् रडारलाबी."

मी मूळचा तेरचा. धाराशिवच्या बाहेर, सोलापूर रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली आणि या वर्षी घरी बसलो. पहिली वीस-बावीस वर्षं ग्रीसचे हात आणि पाना, एवढंच काम होतं. आवाज ऐकून गाडीचं दुखणं कळायचं. मग गाड्यांना डोळे आले, आणि आम्हाला परत शाळेत बसावं लागलं. पुण्याला जाऊन मी दोनदा ते शिकून आलो. दुसऱ्या खेपेला वर्गात सगळ्यात म्हातारा मीच होतो.

गाडीचे हे डोळे आणि त्यांच्यावर चालणाऱ्या सोयी, या सगळ्यांना मिळून आमच्याकडं 'अडास' म्हणतात. लोक गाडी घ्यायला आले की सनरूफच्या आधी विचारायचे, "अडास हाय का?" आहे म्हटलं की मान डोलवायचे. ते काय असतं, हे विचारणारे थोडे.

तर ते असं असतं. पुढच्या चिन्हामागं नाहीतर बंपरमध्ये रडार बसवलेलं असतं. ते लहरी सोडतं, त्या पुढच्या वाहनावर आपटून परत येतात. त्यावरून पुढचं वाहन किती लांब आहे आणि आपण त्याच्या किती वेगानं जवळ चाललोय, हे गाडीला कळतं. दुसरा डोळा म्हणजे कॅमेरा, पुढच्या काचेला आतून, आरशामागं. तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघतो, माणसं बघतो, वाहनं ओळखतो. तुम्ही ऐंशीचा वेग लावून दिलात आणि पुढं साठनं जाणारा ट्रक आला, तर गाडी आपणहून साठवर येते आणि ठरलेलं अंतर राखून त्याच्या मागं चालते. ट्रक बाजूला झाला की पुन्हा ऐंशी. पट्टा सोडून गाडी सरकायला लागली की स्टिअरिंगला हलका ओढा देऊन ती परत मध्ये आणते. समोर एकदम काही आलं आणि तुमचा पाय हललाच नाही, तर ब्रेक मारते.

ऐकायला हे फार चांगलं वाटतं, आणि बऱ्याच वेळा चांगलं असतंही. पण रस्त्याकडेच्या पाट्या, कठडे, पूल यांच्यावरूनही त्या लहरी परत येतात. त्या सगळ्यांना घाबरून ब्रेक मारत बसली तर गाडी पुढं जायचीच नाही. म्हणून वेगात असताना उभ्या वस्तूकडं ती पुष्कळदा दुर्लक्ष करते. आणि आमच्याकडं तर ऊस भरलेली ट्रॉली चाक निखळून भर रस्त्यात उभी असते, मागं ना दिवा ना लाल फडकं. मी प्रत्येकाला सांगायचो, "चालत्याच्या मागं ही चालती. उभ्याचा भरवसा धरू नका. पाय ब्रेकपाशीच ठेवा." लोक हो म्हणायचे, आणि पुढचा प्रश्न गाण्यांच्या आवाजाचा असायचा.

बेंबळीचे एक तात्या होते, मोठे बागायतदार. नवीन गाडी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी बाहेरून लोखंडी गार्ड बसवून घेतला. मग माझ्यापुढं येऊन उभे. "अडास चालंना झालंय. गाडी फसवी दिली तुमी."

"तात्या, डोळ्यांपुढं लोखंड बांधलंय. तिला दिसंल कसं?"

"मग रानडुक्कर आलं म्हंजी?"

"रानडुक्कर दिसावं म्हणूनच तर डोळा दिलाय तिला."

तात्या पाच मिनिटं गाडीभोवती फिरले. गार्ड काढायचा का अडास, हे ठरवत होते. शेवटी म्हणाले, "अडासच बंद करून टाका. गार्ड पोराच्या मामानं बसवून दिलाय." तसेच गेले. बंद ठेवलेल्याचा त्रास कुणाला होत नाही. तात्या अजून झकास गाडी चालवतात.

जे माझ्या मनातून जात नाही ते दिगंबर सरांचं.

दिगंबर सर तुळजापूरचे, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी विमलकाकू. काकूंच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा सोलापूरला डायलिसिसला जावं लागायचं. मुलगी लांब, नोकरीला. वडील सत्तरीला आलेले आणि घाट उतरून सारखं जाणं-येणं, म्हणून तिनंच ही सोयीची गाडी घ्यायला लावली. गाडी द्यायच्या दिवशी सर वही घेऊन आले. मी एकेक गोष्ट सांगत होतो, ते लिहून घेत होते, आकृती काढत होते. "पट्टेच पुसलेले असतील तर?" "पाऊस असेल तर?" "मी वळायचा दिवा न लावता पट्टा बदलला तर?" दोन तास चाललं. इतकं नीट ऐकणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. शेवटी शेवटी माझा घसा बसला आणि खरं सांगायचं तर जीव कंटाळला.

काकू सावलीत खुर्चीवर बसल्या होत्या. डावा हात मांडीवर जपून ठेवलेला. मी खुर्ची सरकवायला गेलो तर म्हणाल्या, "ह्या बाजूनं नको. ह्या हाताची नस जोडलेली आहे, डायलिसिसची सुई इथंच लागते. हा हात म्हणजे माझा जीव आहे बघा."

सात-आठ महिने गाडी छान चालली. सर सर्व्हिसिंगला आले की सांगायचे, "अहो, घाट उतरल्यावर ती अशी काही ट्रकमागं चालते, शिस्तीतल्या विद्यार्थ्यासारखी." एका पावसाळ्यात टिपरमधून उडालेला दगड लागून पुढच्या काचेला तडा गेला. गाडी आमच्याकडं आली. काच आली, दुपारपर्यंत बसवून झाली.

आता इथं कामाची एक गोष्ट सांगायला हवी. काच बदलली की कॅमेरा काढून परत लावावा लागतो. तो परत लावताना केसभर इकडंतिकडं होतोच. म्हणून सपाट फरशीवर गाडी उभी करायची, तिच्या पुढं मोजून मापून एक मोठा चौकटींचा बोर्ड ठेवायचा, आणि यंत्र जोडून कॅमेऱ्याला शिकवायचं की सरळ म्हणजे हे. याला आम्ही कॅलिब्रेशन म्हणतो. अर्ध्या अंशाचा फरक राहिला तर पन्नास मीटरवर कॅमेरा हातभर चुकतो. आणि वाईट असं की आपण चुकतोय हे त्याला कळत नाही. तो कुठलाही दिवा लावत नाही.

तो बोर्ड आणि यंत्र आमच्या दोन शाखांत मिळून एकच होतं आणि त्या दिवशी सोलापूरच्या शाखेत होतं. दोन दिवसांनी येणार होतं. मी सरांना म्हणालो, "गाडी दोन दिवस राहू द्या."

"उद्या सकाळी हिची वेळ आहे. चुकवता येत नाही, महादेवराव."

मॅनेजरला सांगून त्यांना दुसरी गाडी देता आली असती. मॅनेजर बाहेर गेलेले, फोन उचलत नव्हते. पुढं गाड्यांची रांग होती. मी सरांदेखत पडद्यावर जाऊन पट्टा धरायची सोय बंद केली. "हे बघा, बंद केलं. आता ती स्टिअरिंगला हात लावायची नाही. परवा गाडी घेऊन या, नीट करून देतो."

सर गाडी घेऊन गेले.

त्या गाडीत ती सोय बंद केली तरी पुन्हा गाडी चालू करताना आपोआप चालू होते. सुरक्षेची म्हणून कंपनीनंच तसं ठेवलंय. दर वेळी हातानं बंद करावी लागते. मला हे माहीत होतं, आणि मी ते सांगितलं नाही.

विसरलो असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. पण नुसतं विसरणं नव्हतं ते. हे वाक्य तोंडाशी आलं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी खिशातनं पेन काढलं असतं, वही उघडली असती, "म्हणजे नेमकं कसं?" विचारलं असतं, आणि अर्धा तास गेला असता. मी दमलो होतो. वाटलं, सर हुशार आहेत, पडद्यावर दिसेलच त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला काकूंचा फोन आला. सरांचा नव्हे. आवाज शांत होता. "मिस्तरी, गाडी रस्त्याखाली गेली. आम्ही दोघं जिवंत आहोत. हे नुसते बसून राहिलेत, बोलत नाहीत. तुम्ही या."

तामलवाडीच्या अलीकडं मी टोइंगची गाडी घेऊन पोचलो, तोवर एका जीपवाल्यानं दोघांना सोलापूरला नेलं होतं. गाडी डाव्या अंगाला सोयाबीनमध्ये तिरकी उभी. शेतमालक बांधावर बसला होता. म्हणाला, "आधी उजवीकडं गेली जराशी. मग एकदम अशी डावीकडं फेकल्यावानी आली. म्हाताऱ्याला झोप लागली आसंल."

मी आत बसलो, चावी दिली. पडद्यावर पट्ट्यांचं ते चिन्ह उजळलं. सोय चालू होती.

काय झालं असेल ते मला तिथंच बसल्या बसल्या दिसलं. गाडी मधोमध चालली होती. कॅमेऱ्याला वाटलं, आपण डावीकडं सरकतोय. त्यानं उजवीकडं ओढलं. तो ओढा जोराचा नसतो, पण सर तो बंद आहे असं धरून बसले होते. बंद असलेली गोष्ट हातातलं स्टिअरिंग ओढायला लागली. दचकून त्यांनी सगळा जोर लावून उलट फिरवलं आणि गाडी खाली गेली. काकू डावीकडं बसलेल्या. त्यांचा हात दारावर आपटला. डावा.

दुपारी दवाखान्यात गेलो. काकूंचा हात कोपरापासून सुजला होता, जोडलेली नस बंद पडली होती. मानेतून तात्पुरती नळी घालून त्यांचं डायलिसिस चालू होतं. सर बाहेर बाकावर. मला बघून म्हणाले, "महादेवराव, मीच केलं हे. तुम्ही सगळं नीट बंद करून दिलं होतं. गाडी जरा हलली आणि मी घाबरून ओढलं. माझे हात राहिले नाहीत आता. यापुढं चालवणार नाही."

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "सर, चहा आणू का?"

वर्कशॉपमध्ये अपघाताचा अहवाल लिहायचा होता. मॅनेजर माणूस वाईट नव्हते, पण खुर्ची सांभाळायची होती त्यांना. म्हणाले, "सरांनीच लेखी दिलंय की माझ्या हातून झालं. आपण चालकाची चूक लिहू. विषय संपला."

"साहेब, कॅलिब्रेशन झालं नव्हतं."

"पण स्टिअरिंग कुणी फिरवलं? गाडीनं का त्यांनी?"

यात खोटं काही नव्हतं. हीच तर अडचण होती. त्यांनीच फिरवलं होतं. मी कागद घरी नेला. बायकोनं विचारलं, काय झालंय. म्हटलं, डोकं दुखतंय. रोज वर्कशॉपला जायचो, रोज तो कागद बॅगेत यायचा-जायचा. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी उठून चार ओळी लिहिल्या. काच बदलल्यावर कॅमेरा तपासला नाही. गाडी मी दिली. सोय पुन्हा चालू होते हे मी सांगितलं नाही. खाली सही केली आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला.

"महादेवराव, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुमचं."

"व्हय साहेब."

"हे मी वर पाठवलं तर परत येत नाही."

"पाठवा."

तिथनं थेट तुळजापूरला गेलो. सर ओसरीत पेपर घेऊन बसले होते, पण पेपरची घडीही मोडली नव्हती. काकू आत पलंगावर, मानेला पट्टी. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

सरांनी पेपर बाजूला ठेवला. मग उठले. मला वाटलं हात उचलतात का काय. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस, आवाज चढला नाही. म्हणाले, "आठ दिवस? आठ दिवस मी रोज हिच्याकडं बघून म्हणतोय, की मी हिला मारत होतो. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय सर."

"पहिल्या दिवशी बाकापाशी माझ्यासमोर उभे होतात तेव्हाही?"

"व्हय."

ते आत निघून गेले. दार लावलं नाही, पण परत आले नाहीत. मी चपला घालायला लागलो तेवढ्यात काकूंनी हाक मारली.

"मिस्तरी, इकडं या. मला उठता येत नाही." मी गेलो. "तुम्ही चुकलात. मी ते नाही म्हणणार नाही. माझा हात गेला. आता उजव्या हाताची नस जोडायची म्हणतायत. पण मला दुसरंच टेन्शन आहे. हे गाडीला हात लावत नाहीत. आम्ही त्या भाड्याच्या जीपमधनं जातो, सहा माणसांत कोंबून, आणि उलट्या होतात मला. तुम्ही यांना परत गाडीवर बसवा. माफीबिफी मागू नका. हे करा."

गाडी दुरुस्त झाली. बोर्ड लावून कॅमेरा मी स्वतः तपासला, दोनदा. माझ्या अहवालाचा निकाल तोवर लागला होता. यापुढं मला ते काम द्यायचं नाही, मी गेटवर येणाऱ्या गाड्यांची नोंद करायची. म्हणजे सरांची गाडी ही माझी शेवटची. वर्कशॉपमध्ये भिंतीवर कागद लागला, कॅलिब्रेशनशिवाय काच बदललेली गाडी बाहेर जाणार नाही. दोन्ही शाखांना वेगवेगळं यंत्रही आलं. भिंतीवरच्या कागदावर कुणाचं नाव नव्हतं, आणि नसलेलंच बरं.

रविवारी सकाळी मी सरांकडं गेलो. पहिल्या रविवारी ते बाहेरच आले नाहीत. दुसऱ्या रविवारी आले, पण बोलले नाहीत. मी चालवत त्यांना चौपदरी रस्त्यावर नेलं, कडेला थांबवलं आणि जागा बदलली. त्यांचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते.

"सर, आता सोय चालू आहे आणि कॅमेरा बरोबर आहे. मागं-पुढं कुणी नाही. हळूच डाव्या पट्ट्याकडं जाऊ द्या."

"नको."

"मी शेजारी हाय."

गाडी सरकली. स्टिअरिंगनं ओढा दिला. सर दचकले, पण धरून राहिले.

"आता फक्त दोन बोटांनी धरा, आणि ती ओढंल त्याच्या उलट न्या. सावकाश."

त्यांनी नेलं. गाडी गुमान त्यांच्या बोटांमागं गेली. पुन्हा केलं. चार-पाच वेळा केलं. मग त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि कपाळ स्टिअरिंगला टेकलं.

"इतका हलका ओढा आहे हा," ते म्हणाले. "मला हे त्या दिवशी माहीत असतं तर."

 

पुढचे सहा रविवार आम्ही गेलो. सर पुन्हा काकूंना घेऊन सोलापूरला जायला लागले. अंतर राखायची सोय ते वापरतात. पट्ट्याची बंद करतात, दर वेळी, आठवणीनं. वही त्यांनी परत काढली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. माझ्याशी ते नीट बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. पूर्वी मला ते महादेवराव म्हणायचे. आता मिस्तरी म्हणतात.

गेल्या महिन्यात निवृत्तीचे पेढे घेऊन त्यांच्याकडं गेलो. काकूंच्या उजव्या हाताला आता जोडलेली नस आहे. त्या हातानं वजन उचलायचं नाही, म्हणून चहाचं भांडं त्या डाव्या हातानं धरतात. तो हात पूर्वीसारखा वळत नाही. कप भरताना चहा बशीत सांडला.

"सवय व्हायचीय अजून," काकू म्हणाल्या.

सर खिडकीबाहेर बघत होते. मी कप उचलला नाही. आधी बशीतला चहा पिऊन टाकला.